मेडिकल वॉर्डातल्या जुन्या सिस्टर आणि मी

बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षं, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी, अधिपरिचारिका पदाची परीक्षा, कागदपत्रांची पडताळणी, वैद्यकीय तपासणी हे सगळं पार पाडून मी कोकणातल्या एका सरकारी रुग्णालयात रुजू झाले. घर मराठवाड्यात, ओळखीचं कुणी नाही. पहिली नेमणूक स्त्रियांच्या मेडिकल वॉर्डात मिळाली. तिथल्या बहुतेक सिस्टर जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेल्या, वीस-पंचवीस वर्षं नोकरी केलेल्या. ‘डिग्रीवाली आली’ हे माझ्याबद्दलचं पहिलं वाक्य मी औषधांच्या कपाटापलीकडून ऐकलं आणि ते मनाला लागलं.

त्यामागचं कारण पुढे कळलं. डिग्रीच्या मुली येतात, वॉर्डात काम करता करता एम्सच्या भरतीचा अभ्यास करतात, परदेशातल्या नोकरीसाठी जर्मन किंवा इंग्रजीच्या परीक्षा देतात आणि निघून जातात. त्यांना शिकवण्यात घातलेला वेळ वाया गेला असं मागे राहणाऱ्यांना वाटतं. पुन्हा नवीन मुलगी, पुन्हा पहिल्यापासून. हे त्यांच्या जागी उभं राहून पाहिलं तर पटण्यासारखं आहे. तेव्हा मात्र मला एवढंच दिसत होतं की मला फक्त टीपीआर (ताप, नाडी, श्वास), बीपी, डाएट शीट आणि चादरी बदलणं एवढीच कामं मिळतायत. इंजेक्शनचा ट्रे एकटीच्या हाती नाही, कपाटाच्या चाव्या नाहीत.

आमच्या परिसेविका, म्हणजे वॉर्डाच्या इन्चार्ज मॅडम, कमी बोलणाऱ्या. एका दुपारी मी धीर करून विचारलं, ‘मॅडम, मला इंजेक्शनला कधी उभं करणार?’ त्या म्हणाल्या, ‘आधी ओव्हर नीट घ्यायला शीक. मग बोलू.’ मला ते टाळल्यासारखं वाटलं. त्यांच्या दृष्टीने ते सरळ उत्तर होतं.

आमच्या वॉर्डात ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पेशंट आणि सामान यांचा ताबा, टेबलाशी बसून घेत नाहीत. जाणारी आणि येणारी सिस्टर दोघी पलंगामागून पलंग फिरतात. मी सुरुवातीला वही उघडून नाव, निदान, औषधं भराभर लिहून घ्यायचे. मॅडमनी वही मिटायला लावली. ‘आधी पेशंट बघ. वही कुठे पळत नाही.’ मग एकेक गोष्ट हाताने करून घेतली. व्हेन्फ्लॉन, म्हणजे सलाइनसाठी शिरेत ठेवलेली नळी, लावलेल्या जागी सूज आहे का, चिकटपट्टीवर कालची तारीख आहे की परवाची. सलाइनची बाटली कुठवर आली. युरोबॅगेत लघवी किती आणि कुठल्या रंगाची, सकाळपासून तेवढीच आहे का. जी आजी स्वतःहून कूस बदलू शकत नाही तिची पाठ आणि टाचा उघडून बघायच्या, कारण पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेचा लालसर डाग आत्ता दिसला तर तो सांभाळता येतो, ओव्हर घेऊन झाल्यावर दिसला तर तो तुझ्या ड्युटीतला. रक्त तपासायला गेलंय का, रिपोर्ट आला का, नातेवाईक कुठे आहेत.

पेशंट संपले की सामान. थर्मामीटर, बीपीचं यंत्र, ग्लुकोमीटर, ऑक्सिजन सिलिंडरचं प्रेशर, कफ ओढून काढायचं सक्शन यंत्र चालू करून बघणं. सगळं मोजून सही करायची. नव्या मुलीला हे किरकोळ वाटतं. पण सरकारी वॉर्डात प्रत्येक वस्तू इन्चार्जच्या नावावर असते आणि हिशेब जुळला नाही तर निवृत्तीच्या वेळी ना-देय प्रमाणपत्र अडतं. एका यंत्रासाठी जुन्या सिस्टर एवढ्या का भांडतात हे मला तेव्हा समजलं. चाव्या देण्याचा प्रश्नही तिथेच होता. चावी दिली म्हणजे सही दिली.

मी त्यानंतर एक काम स्वतःहून अंगावर घेतलं. इमर्जन्सी ट्रे रोज तपासायचा. अ‍ॅड्रेनलिन, अ‍ॅट्रोपिनचे अँप्यूल मोजायचे, ज्यांची मुदत आधी संपते ते पुढे मांडायचे, घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का बघायचं, काही नसेल तर लगेच इंडेंट, म्हणजे स्टोअरकडे मागणी, लिहायचं. हे कंटाळवाणं काम सगळ्यांनाच दुसऱ्यावर सोडायचं असतं. थोड्याच दिवसांत ‘ट्रे झाला का गं?’ असं मला विचारलं जाऊ लागलं, आणि त्यानंतर एका संध्याकाळी कपाटाच्या चाव्याही माझ्या हातात आल्या. नवीन रुजू होणाऱ्या मुलींना मी हेच सांगते: जुन्या माणसांचा विश्वास गोड बोलून मिळत नाही. वॉर्डातलं एक नकोसं काम रोज चोख करा.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे शिकाऊ रुग्णालयात तीन रुग्णांमागे आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. रात्रपाळीला एक सिस्टर, भरलेला वॉर्ड आणि खाली जमिनीवर गाद्या, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना निकष आणि वास्तव यांतलं अंतर सांगायला नको. ज्येष्ठ सिस्टर तुटक बोलतात याचं निम्मं कारण या अंतरात आहे. सकाळच्या इंजेक्शनच्या वेळी ‘सिस्टर, हे कशासाठी देतात?’ असं विचारलं की उत्तर मिळत नाही. तोच प्रश्न दुपारी, राउंड आणि औषधं उरकल्यावर, चार्ट हातात घेऊन विचारला की त्याच सिस्टर खुर्ची ओढून बसतात.

अशाच एका दुपारी मला सलाइनचे थेंब मोजायला शिकवलं गेलं. सूत्र मला पाठ होतं: साध्या सेटमधून एका मिलीला २० थेंब, मायक्रो सेटमधून ६०, म्हणजे ५०० मिलीची बाटली आठ तासांत द्यायची तर मिनिटाला सुमारे २१ थेंब. सिस्टरनी बाटलीवर उभी चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर तासांच्या खुणा केल्या. पेशंटने हात दुमडला, उशीखाली घातला की थेंब मंदावतात. दर वेळी घड्याळ लावून मोजायला कुणाला वेळ आहे? येता-जाता पट्टीकडे नजर टाकली की बाटली मागे पडली का पुढे पळाली ते कळतं. हृदयाच्या पेशंटची बाटली पुढे पळणं किती महाग पडतं, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं.

पण मी त्या वॉर्डातल्या अनुभवापुढे खरी नतमस्तक झाले ती विंचवाच्या पेशंटमुळे. कोकणातला लाल विंचू मी आधी फक्त परीक्षेत लिहिला होता. भातकापणीचे दिवस होते. संध्याकाळी एक बाई आली, बोटाला दंश, बसून बोलत होती, फार रडतही नव्हती. आमच्या एका ज्येष्ठ सिस्टरनी जखमेकडे एकदा पाहिलं आणि थेट तिच्या पावलांना हात लावला. पाय गार, कपाळावर घाम, येताना दोनदा उलटी झालेली. मला म्हणाल्या, ‘बीपी घे, डॉक्टरांना बोलाव, हिला उठू देऊ नको.’ पुढे समजावलं: दंशाच्या जागी आग आग होऊन पेशंट ओरडतो, पण पाय गरम असतात, तो बहुधा निभावतो. घाम, उलटी, गार पाय दिसले तर विष हृदयाकडे आणि फुप्फुसाकडे निघालंय असं समजायचं. खोकल्याबरोबर गुलाबी फेस यायची वाट बघायची नाही.

डॉक्टरांनी रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन सुरू केलं. विंचूदंशात हे औषध वापरायची वाट महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवली. त्याआधी कोकणात अशा दंशाने किती माणसं दगावत, हे ऐकलेल्या सिस्टर आमच्याकडे आहेत, आणि त्या बावस्करांचं नाव घरच्या माणसासारखं घेतात. औषध दिल्यावर बीपी एकदम उतरू शकतो म्हणून पेशंटला आडवं ठेवायचं, बाथरूमलाही चालवत न्यायचं नाही, बेडपॅन द्यायचा. दर तीन तासांनी पुढचा डोस, पाय गरम होईपर्यंत. त्या रात्री मी ठरावीक वेळाने बीपी, नाडी, श्वास लिहीत गेले आणि प्रत्येक वेळी पावलांना हात लावला. पहाटे पाय कोमट लागले. बाई वाचली.

त्याच रात्री डॉक्टरांना फोन कसा करायचा तेही शिकले. ‘सर, पेशंट बरी दिसत नाही’ एवढं सांगून भागत नाही. कोण, काय झालंय, आकडे काय, मला काय वाटतंय आणि तुम्ही काय करायला हवंय, या क्रमाने दोन-तीन वाक्यांत सांगायचं. कॉलेजात हाच क्रम आम्ही ‘एसबीएआर’ (सिच्युएशन, बॅकग्राउंड, असेसमेंट, रेकमेंडेशन) म्हणून घोकला होता. सिस्टर तो मुखोद्गत असल्यासारखा बोलल्या. डॉक्टर झोपेत होते तरी पाच मिनिटांत आले.

आता उलट बाजू. अनुभवी माणसांचं सगळंच बरोबर असतं असं मी मानत नाही. एकदा स्टोअरमधून इन्सुलिनच्या ज्या सिरिंज आल्या त्या केशरी टोपणाच्या होत्या, एका मिलीला १०० युनिटच्या खुणांच्या. आमच्या फ्रिजमधल्या व्हायल, म्हणजे इन्सुलिनच्या बाटल्या, एका मिलीला ४० युनिटच्या. ४० च्या व्हायलला लाल टोपणाची ४० चीच सिरिंज लागते. १०० च्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत ते इन्सुलिन भरलं तर पेशंटला प्रत्यक्षात चारच युनिट मिळतं. एक ज्येष्ठ सिस्टर मनातल्या मनात हिशेब करून बरोबर भरायच्या. त्यांचा हिशेब कधी चुकला नाही. पण रात्री दुसऱ्या वॉर्डातून बदलीवर आलेल्या मुलीने काय करायचं?

मी हे चार जणींसमोर काढलं नाही. दुपारी व्हायल आणि सिरिंज दोन्ही घेऊन इन्चार्ज मॅडमच्या टेबलाशी गेले आणि पाणी भरून दाखवलं. कुणाचं नाव घेतलं नाही. मॅडमनी स्टोअरला लेखी कळवून त्या सिरिंज परत केल्या, लाल टोपणाच्या मागवल्या आणि फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला. त्या ज्येष्ठ सिस्टर मात्र दुखावल्या. ‘एवढी वर्षं देतेय मी इन्सुलिन’ असं म्हणाल्या आणि बराच काळ माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मी जाऊन ‘सिस्टर, तुमच्यावर शंका नव्हती, रात्रीच्या मुलींची भीती होती’ असं सांगितलं. त्यांनी मान हलवली. अबोला पुरता सुटला असं म्हणणार नाही. पण त्यांच्याकडून ओव्हर घेताना मला एकदाही अपुरी माहिती मिळाली नाही, आणि मी त्यांना कधी दिली नाही. सहकाऱ्याशी मैत्री झाली नाही तरी काम चोख होऊ शकतं हे मी त्यांच्याबरोबर शिकले.

दुसरी एक गोष्ट मला आजही खटकते. पेशंटच्या नातेवाइकांसमोर नव्या मुलीवर आवाज चढवायची काही जणींना सवय असते. ‘आम्हीही असंच शिकलो’ हे त्याचं समर्थन मला मान्य नाही. ओरडा खाल्लेली मुलगी पुढच्या वेळी शंका विचारत नाही आणि त्याची किंमत पलंगावरचं माणूस मोजतं. माझ्यावर हे आलं तेव्हा मी ड्युटी संपल्यावर त्या सिस्टरना बाजूला गाठून म्हटलं, ‘ताई, माझं काही राहिलं तर जरूर बोला, पण आत बोलावून बोला. बाहेर बोललात की नातेवाईक माझं ऐकत नाहीत.’ आवाज थरथरत होता. त्या चिडल्या नाहीत. पुढच्या वेळी खरंच आत बोलावलं, तिथे मात्र पोटभर बोलल्या.

पुण्यात खासगी रुग्णालयात लागलेल्या माझ्या मैत्रिणीची अडचण वेगळी होती. तिच्या सीनियर केरळच्या, आपसात मल्याळममध्ये बोलायच्या आणि तिला वाटायचं आपल्याबद्दलच चाललंय. तिने सरळ विनंती केली की ओव्हर तेवढा हिंदीत द्या. त्यांनी दिला.

आमच्याकडे खरी सलगी झाली ती ड्युटी लिस्टमुळे. कोकणात गणपतीला प्रत्येकीला घरी जायचं असतं, आणि त्याच दिवसांत आमच्या मराठवाड्यात महालक्ष्म्या बसतात. मला जायचं होतंच. तरी पहिल्या वर्षी मी गणपतीच्या नाइट मागून घेतल्या, कारण माझं गाव लांब आणि दोन दिवसांच्या रजेत जाणं-येणंच झालं असतं. दिवाळीला मला न मागता सलग सुट्टी लावून मिळाली. गौरी गेल्यावर वॉर्डात डब्यांतून मोदक आणि घावने इतके आले की मावशी आणि मामा या वॉर्डातल्या मदतनीसांसकट सगळ्यांना पुरून उरले. मावशींचं नाव आलंय म्हणून सांगते: कुठली पेशंट जेवली नाही, कुठली रात्री बरळत होती हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. त्यांना विचारल्याशिवाय मी आता राउंडला उभी राहत नाही.

गेल्या महिन्यात मला लेबर रूमला पाठवलं. तिथल्या सिस्टर वेगळ्या, पद्धती वेगळ्या आणि मी पुन्हा सगळ्यांत नवी. पहिल्याच दिवशी इमर्जन्सी ट्रे आणि बाळाला श्वास द्यायची अंबू बॅग कुठे असते ते विचारून घेतलं. सध्या मला पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूती कशी पुढे सरकतेय याचा तक्ता, भरायला बसवलंय. पोटावर हात ठेवून दहा मिनिटांत कळा किती येतात आणि प्रत्येक कळ किती सेकंद टिकते ते मोजायचं. माझे आकडे इथल्या सर्वांत जुन्या सिस्टर स्वतः हात ठेवून पडताळतात आणि दोघींचे जुळले तरच कागदावर चढवू देतात.