जोडीनं गळ टाकताना: झिल्पीहून कर्लीच्या खाडीत

हिवाळ्यात ठरवलेली मालवणची फेरी झाली. दोघांसाठी स्वतंत्र बोट, अर्धा दिवस, कर्ली नदीची खाडी. मासे काय मिळाले ते खाली येईलच. आधी तयारीचं लिहितो, कारण नागपुरात बसून खाऱ्या पाण्याची तयारी कशी करायची, हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांना पडतो.

सराव नागपूरजवळच्या झिल्पी तलावावर आणि एका ओळखीच्या शेततळ्यावर केला. आपल्याकडच्या मोठ्या तलावांत मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी सहकारी संस्थेकडे ठेक्यानं असतो, तेव्हा बसण्याआधी संस्थेच्या माणसाला विचारून घ्या. विचारलं तर धीवर मंडळी सहसा नाही म्हणत नाहीत. न विचारता बसलात तर ऐकून घ्यावं लागतं, आणि ते बरोबरच आहे. तोतलाडोह धरणाचं नाव कोणी काढू नका, पेंच व्याघ्र प्रकल्पात मासेमारीला बंदी आहे.

रोहू-कटल्यावर तयार झालेल्या हाताला एक खोड असते: फ्लोट बुडाला की झटका. साध्या गळाला तो द्यावाच लागतो. सर्कल हुकचं उलटं आहे. त्याचं टोक आत, दांडीकडे वळलेलं असतं. मासा आमिष घेऊन वळला, दोर ताणला गेला, की गळ सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. मध्येच झटका दिला तर सरळ तोंडाबाहेर. फायदा असा की मासा गळ सहसा पोटात गिळत नाही, त्यामुळे सोडायचा असेल तर धडधाकट सोडता येतो. ही सवय माझ्यापेक्षा बायकोला लवकर लागली. शेततळ्यावर तिचा दोर सरकायला लागला की माझाच हात तिच्या रॉडकडे जायचा. "तू हात नको लावू, मी पाहून राहिली ना," हे वाक्य तिथल्या गड्यालाही पाठ झालं असेल.

ड्रॅग, म्हणजे किती ताण आला की रील दोर सोडेल ते, या वेळी अंदाजानं न लावता काट्यावर लावला. इतवारीतून सामान तोलायचा लटकता काटा आणला, तो दोराच्या टोकाला बांधला. बायको रॉड धरून गॅलरीत, मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला काटा ओढतोय. 20 पौंडांची ब्रेड (विणलेला दोर) म्हणजे साधारण 9 किलोचा ताण. त्याच्या पाव ते एक तृतीयांशावर रील सुटायला हवी, म्हणून माझी अडीच किलोवर ठेवली. एवढ्या ताणाला बायकोचा हात भरून येत होता, म्हणून तिची दोनवर. हा वेळ वाया जात नाही. पाण्यावर गेल्यावर "घट्ट कर", "नाही, सैल कर" असे वाद होत नाहीत, आणि जोडीनं मासेमारी करताना निम्मे वाद याच बटणावरून होतात.

आता बुकिंगचं. 'कपल फिशिंग' म्हणून जे विकलं जातं त्यात फुगे, केक, डॉल्फिन, देवबागच्या संगमावर फोटो आणि शेवटी थोडा वेळ हातदोरी, असा मामला असतो. हौस असेल त्यांनी जरूर करावं, पण आपल्या कामाचं नाही. मी फोनवर फोटो-बिटो मागितले नाहीत. विचारलं एवढंच, की इंजिन बंद करून वाहत्या पाण्याबरोबर जाऊ द्याल का, दोन रॉड एकाच वेळी पाण्यात राहतील का, आणि निघायची वेळ पाण्यावर ठरेल की नाश्त्यावर. तिसऱ्या प्रश्नाला जो हसला त्याची बोट घेतली.

कारण सगळी मेख वेळेत आहे. आपल्या धरणाच्या पाण्याला घड्याळ नसतं. वारा, ऊन आणि पाण्याची पातळी पाहिली की झालं. खाडीत पाणी थांबलं की माशांचं खाणंही थंडावतं. पाणी ओसरताना खारफुटीच्या मुळांत लपलेली कोळंबी आणि बारकी मासळी ओहळांच्या तोंडातून बाहेर येते, आणि मोठा मासा नेमका त्या तोंडाशी उभा असतो. म्हणजे आपल्याला ओहोटीचे मधले तास हवेत.

त्यासाठी कोकणातला जुना हिशेब कामाला आला: तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. पहाटे पावणेचारला भरती, तिथून सहा तासांनी, दहाच्या आसपास, ओहोटी पूर्ण. म्हणजे उजाडल्यापासून दहापर्यंत पाणी सतत ओसरतंय. भरतीच्या तक्त्यात वेळ थोडी मागेपुढे दिसते, पण नागपुरात बसून रजा कधी टाकायची हे ठरवायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. आम्हाला आधी सांगितलेलं पॅकेज नऊ ते बाराचं होतं. त्या दिवशी त्या वेळेला गेलो असतो तर ऐन थांबलेल्या पाण्यात पैसे मोजून बसलो असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ फार असते, हलका जिग (वजनदार नकली आमिष) तळाला टिकत नाही. अष्टमीच्या भांगेला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, पाणी अगदीच सुस्त. पंचमी मधली म्हणून निवडली.

नागपूर-मडगाव गाडीनं कुडाळ, तिथून रस्त्यानं मालवण. रॉड तीन इंची पीव्हीसी पाइपात, दोन्ही टोकांना झाकण. तिकीट तपासनीसानं त्यात काय आहे म्हणून विचारलं, बाकी निर्विघ्न.

बोट लहान, फायबरची. बायको नाळेवर, मी मागे, नाखवा मधे. नियम एकच: रॉड डोक्यावरून फेकायचा, आडवा नाही, आणि दुसऱ्याचा हात वर असेल तोवर आपला खाली. लाइफ जॅकेट दोघांनीही काढलं नाही. संगमावर वॉटर स्पोर्ट्सची वर्दळ सुरू व्हायच्या आत आम्ही आत, वरच्या अंगाला शिरलो. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जायचंच नव्हतं. तिकडे 1987 मध्ये घोषित झालेलं सागरी अभयारण्य आहे, त्याच्या गाभा क्षेत्रात मासेमारी चालत नाही.

मी ल्युअर (नकली आमिष) मारत होतो, तिच्या गळाला जिवंत कोळंबी. कोळंबीच्या डोक्यात जो काळा ठिपका दिसतो त्याला टोचायचं नाही, डोक्यावरच्या काट्याच्या मुळाशी, वरच्या कवचातून गळ घालायचा. मग ती बराच वेळ जिवंत राहते. एका ओहळाच्या तोंडाशी तिचा दोर दोनदा थरथरला आणि आडवा सरकायला लागला. नाखवा म्हणाला, "वहिनी, वायच दम धरा." तिनं रॉड हलवलाच नाही. दोर ताणला तशी रील सुटली, मग तिनं रॉड उचलून गुंडाळायला घेतलं. तांबोशी होती. ही जात लागली की सरळ मुळांकडे पळते, तिथं शिरली की दोर गेलाच. नाखव्यानं इंजिन न लावता वल्ह्यानं बोट बाहेर काढली आणि तिनं दोनच किलोच्या ड्रॅगवर मासा वर आणला. दीड वीत भरला, तांबूस, गळ बरोबर जबड्याच्या कोपऱ्यात. सोडला. नाखव्याच्या चेहऱ्यावर कालवण गेल्याचं दुःख स्पष्ट होतं.

माझ्या खात्यात एक गोबरा, तळहाताएवढा, तोही सोडला. राज्यानं 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे, तेव्हा मोजपट्टी जवळ असू द्या.

चोणक, म्हणजे रायगडकरांचा जिताडा, ज्यासाठी गेलो होतो, तो एकदा ल्युअरमागे येऊन वळला. हा मासा नर म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणून मोठा मिळाला तर पाण्यातच ठेवून गळ काढायचा, हे आमचं आधीच ठरलंय. गालाच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते, उचलताना बोटं सांभाळा.

जोडीनं जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी कोणी लिहीत नाही: अशा बोटीवर शौचालय नसतं. पूर्ण दिवसाच्या मोहात पडू नका. अर्धा दिवस घ्या, आणि मध्ये कुठल्या घरी किंवा खानावळीत थांबता येईल ते आधीच ठरवा.

परतल्यावर रीलवर गोडं पाणी हलक्या धारेनं, ड्रॅगचं बटण आवळून. जोराच्या धारेनं मीठ आत ढकललं जातं. आपल्याला याची सवय नाही. रबरी ल्युअर मात्र गाडीत ठेवू नका, आपल्या मे महिन्यात त्यांचा गोळा होतो.

जून-जुलैत समुद्रातली बंदी आणि गढूळ खाडी, तेव्हा पुढची फेरी दिवाळीनंतर. पंचमी-षष्ठी शनिवार-रविवारी कधी येते ते बायकोनं आत्ताच पाहून ठेवलंय. तोवर मलाही कोळंबी टोचायला शिकवणार म्हणते. ब्रेड तीसची करावी का, यावर आमचं एकमत नाही. कर्लीत किंवा आचऱ्याच्या खाडीत चोणक ओढलेल्यांनी सांगावं.