क्रिकेट बेडूक अपडेट: पट्ट्याचे ठोके झाले!

क्रिकेट बेडकाची हाक म्हणजे एकामागोमाग एक भराभर पडणारे ठोके. पण मागच्या नोंदीत स्पेक्ट्रोग्रामवर (आवाजाच्या वेळ-वारंवारिता चित्रावर) त्यांचा सलग पट्टाच दिसत होता. तो हट्टी पट्टा एकदाचा फुटला. गोम विंडोत, म्हणजे एका वेळी तपासल्या जाणाऱ्या आवाजाच्या तुकड्यात होती. ४४.१ किलोहर्ट्झवर २०४८ सॅम्पलची विंडो म्हणजे ४६ मिलिसेकंद. त्याहून जवळचे ठोके एकमेकांत मिसळणारच. विंडो २५६ केली की ६ मिलिसेकंदांच्या आत येते आणि एकेक ठोका सुटा दिसतो. वारंवारिता मात्र जाडीभरडी होते, म्हणून ती मोजायला परत २०४८. फाइल एकच, मोजमापं दोनदा.

एवढा खटाटोप कशाला? पाठीवरच्या रेषेवर मिनर्व्हार्याची (क्रिकेट बेडकांच्या प्रजातीतली) जात ठरत नाही, हाक ऐकावी लागते. रेष असलेले, नसलेले, जाड पट्टा मिरवणारे नर एकाच जातीचे असू शकतात. पोटाच्या कडेची फेजर्व्हार्यन रेषही बेडूक या गटातला आहे एवढंच सांगते, जात नाही. त्यातल्या सह्याद्रेन्सिस (syhadrensis) या जातीचं १९१९ चं वर्णन पुणे-नाशिक भागातल्या नमुन्यांवरचं, त्यामुळे घाटावरच्या प्रत्येक चिमुकल्या बेडकाला तेच नाव डकवलं जातं. गोमंतकी या दुसऱ्या जातीला तर नाव मिळालं थेट २०१५ मध्ये!

विंडो सुधारूनही काही फाइली वाया जातात, ते फोनच्या ऑटो गेनमुळे (फोन रेकॉर्डिंगची पातळी आपोआप वरखाली करतो). बेडूक गप्प असताना गेन चढतो, पहिली हाक फाटते, पुढच्या दबतात. गेन हाताने लावता येणारं अ‍ॅपच वापरा, सर्वांत मोठा आवाज अ‍ॅपच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, फाइल वेव्ह (WAV). एमपी३ नकोच, ठोक्यांच्या कडा बोथट होतात.

शॉटगन माइकचं (एकाच दिशेचा आवाज टिपणाऱ्या लांब माइकचं) कौतुक जरा जास्तच होतं. अंतर निम्मं केलं की साधारण ६ डेसिबल मिळतात. एका मीटरवरून २५ सेंटिमीटरवर आलं की १२, तेही फुकट. साधा कॉलर माइक लांब काठीच्या टोकाला बांधा, कोरसच्या (एकत्र ओरडणाऱ्या नरांच्या) कडेचा नर निवडा, काठी चिखलावर टेकवा, टॉर्च बंद करून मागे सरका. तो पुन्हा ओरडू लागेपर्यंत हलू नका. गळ्यावरच्या काळ्या खुणेचा फोटो रेकॉर्डिंगनंतरच.

पुढचा बेत दुसऱ्या डबक्याचा होता (बूट धुऊन, वाळवूनच जायचं). पण हे लिहितानाच सुचलं: तापमान वाढलं की ठोके भराभर पडतात आणि बेडूक बसलेला असतो ओल्या चिखलात, तर छातीच्या उंचीवरचं हवेचं तापमान काय कामाचं? थर्मामीटरची तारही त्याच काठीला, माइकशेजारी. म्हणून आधी याच डबक्यावर पुन्हा रेकॉर्डिंग. नुसतं हवेचं तापमान असलेल्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये. ठोक्यांच्या वेगाच्या तुलनेत त्या तूर्त धरायच्या नाहीत.