राग येतो, पण धरतो कोण?

कामानिमित्त महाराष्ट्रात आलेल्या, मराठी घरात लग्न होऊन आलेल्या मोठ्या माणसांना मी मराठी शिकवते. थोडी वाक्यं जुळायला लागली की त्यांच्यातलं कोणीतरी हटकून विचारतं, "तुम्ही लोक 'मला राग आला' असं का म्हणता? राग आपोआप आला, तुमचा त्यात हात नाही, असंच ना? ही जबाबदारी झटकणं झालं." हल्ली मराठी मैत्रिणीही हेच विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी व्याकरण. शाळेत कर्ता शोधायला धातूला 'णारा' लावून 'कोण' असं विचारायचो. येणारा कोण? राग. म्हणून क्रियापद भावनेच्या लिंगाप्रमाणे चालतं: राग आला, भीती वाटली, दुःख झालं. बोलणारा पुरुष की बाई, याने काही फरक पडत नाही. पण 'पत्र वाचून तिला रडू आलं' हे वाक्य बघा. वाचणारी कोण? तीच. म्हणजे 'तिला' असं म्हटलं तरी वाक्यातली मुख्य व्यक्ती तीच राहते. ही रचना आपल्या एकट्याची नाही. हिंदीत 'मुझे गुस्सा आया', कन्नडमध्ये 'ननगे सिट्टु बंतु', शब्दाला शब्द तेच. भाषाशास्त्रज्ञ कॉलिन मसिका यांनी १९७६ साली दक्षिण आशियातल्या भाषांची सामाईक लक्षणं तपासली, त्यांत हेही होतं.

आता जबाबदारी. मराठीने ती झटकलेली नाही, वेगळ्या क्रियापदांकडे सोपवली आहे. राग येतो, पण तो धरतो, गिळतो किंवा दुसऱ्यावर काढतो ते आपण. 'आईला माझा राग आला' म्हणजे ती कदाचित अवाक्षरही बोलली नसेल. 'आई मला रागावली' म्हणजे बोलणी बसली.

सगळ्यात जास्त वेळ मी 'काळजी'वर घालवते. मुलगी रात्री उशिरा घरी येते तेव्हा काळजी वाटते. परगावच्या आजारी भावाचा फोन येईपर्यंत काळजी लागून राहते. 'लागणं' आलं की ती सहजी सुटत नाही. मनातल्या मनात घोळवत बसलो की आपण काळजी करतो. आणि उठून औषधपाणी बघतो तेव्हा काळजी घेतो. 'काळजी करू नकोस' असं सांगता येतं, 'काळजी घे' असंही. 'काळजी वाटू नकोस' मात्र कोणी म्हणत नाही, कारण वाटणं कोणाच्या हातात नसतं. जे हातात आहे त्याचीच आज्ञा होते. मला हा भेद फार मोलाचा वाटतो. आलेल्या रागाबद्दल माणसाला दोषी धरायचं नाही, आणि धरलेल्या रागाबद्दल सोडायचंही नाही, हे दोन्ही त्यात आहे.

'कौतुक'ही असंच. कितीतरी घरांत आई मुलाला सांगते, "बाबांना तुझं फार कौतुक आहे रे, बोलून दाखवत नाहीत एवढंच." कौतुक असणं आणि करणं यांत त्या पोराची अख्खी शाळा निघून जाते. बाबांनी तोंडाने करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाहेरून आलेल्या शब्दांनाही आपण हाच नियम लावला. टेन्शन येतं, पण सांगताना आपण म्हणतो, 'टेन्शन घेऊ नकोस'. हे कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकाने शिकवलेलं नाही. रिक्षावाल्यापासून कॉलेजातल्या पोरांपर्यंत कोणीही यात चुकत नाही.