तुम्ही विचारलंत म्हणून: पत्ते नाहीत, रेंज नाही, आता काय खेळायचं?

पाऊस सुरू झाला, सहली ठरायला लागल्या की हा प्रश्न मला येतोच. भाचरं विचारतात, ट्रेकच्या ग्रुपमधली मुलं विचारतात, परवा तर सोसायटीतल्या एका आजोबांनी जिन्यातच गाठलं. "सोबत काही न नेता, नुसतं बोलून खेळता येईल असं काहीतरी सांगा हो. घरात आठ माणसं जमतात आणि आठही आपापल्या मोबाइलात मान घालून बसतात." गडावरच्या मुक्कामांत, लग्नघरांत आणि एसटीच्या मागच्या बाकांवर मी इतके खेळ घेतलेत की हे खातं आता कायमचं माझ्याच गळ्यात पडलंय.

माझं उत्तर जरा उलटं वाटेल. लोकांना असा खेळ हवा असतो ज्यात कुणाची कुरबुर होणार नाही. मला नेमका उलटा अनुभव आहे. ज्या खेळात नियमावरून भांडायला जागा असते तोच तासभर चालतो. ज्यात वाद घालण्यासारखं काही नाही, तो तिसऱ्या फेरीला थंड पडतो आणि माणसं पुन्हा फोन काढतात. म्हणून खेळ निवडताना मी बघते की यात भांडण कशावरून होईल. आणि भांडण मिटवायला एक पंच बसवते. पंच शक्यतो आठ-नऊ वर्षांचं पोर असावं. त्या वयात माणूस जितका कडक असतो तितका पुढे कधीच नसतो.

सगळ्यात आधी भेंड्या, पण गाण्यांच्या नाहीत. गाण्यांच्या भेंड्यांत दोघं गातात आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. शिवाय आजी, आई आणि नात या तिघींना येणारं एकच गाणं शोधायचं म्हटलं तर गाडी आरत्यांवर येऊन थांबते. मी गावांच्या भेंड्या घेते. एकानं गाव सांगायचं, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून पुढच्यानं दुसरं गाव सांगायचं. काना-मात्रा धरायची नाही, एकदा आलेलं गाव पुन्हा चालत नाही आणि दहा आकडे म्हणेपर्यंत सुचलं नाही तर भेंडी चढते. गळा नको, पाठांतर नको. ज्याला फक्त आपल्या आजोळचा तालुका माहीत आहे तोही खेळू शकतो.

खेळ सुरू झाला की पाच मिनिटांत सगळे 'र'मध्ये अडकतात. आपल्याकडे पूर आणि नगर इतके आहेत की कोल्हापूर, सोलापूर, पंढरपूर, चंद्रपूर, काहीही म्हणा, पुढच्याला 'र' मिळतो. तो बिचारा रत्नागिरी म्हणतो आणि पुन्हा 'र'च देतो. मुरलेला खेळाडू 'र'ला 'र'नंच उत्तर देतो: राजापूर, रावेर, राजूर, राजगुरुनगर. हे चार संपले की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. मग कुणाला तरी रोहा आठवतं आणि सगळे सुटतात.

पण खरं हत्यार 'ड' आहे. 'ड'वर संपणारी गावं मोजायला बसलात तर बीड, कराड, महाड, नांदेड, मनमाड, मुरुड, दौंड, पौड अशी रांगच लागते. 'ड'वरून सुरू होणारी? डहाणू. डोंबिवली. मग शांतता. गोव्याचा भिडू असेल तर तो डिचोली काढतो, पण तोच पुढच्या डावाला फोंडा म्हणून 'ड' परत करतो, म्हणजे हिशोब सारखाच. आमच्याकडे एकदा कुणीतरी छत्तीसगडमधलं डोंगरगड काढलं. 'ड'ला 'ड', सगळे खूश. तेवढ्यात नागपूरची वहिनी म्हणाली, तिकडे हिंदीत ते डोंगरगढ लिहितात, म्हणजे अक्षर 'ढ'. वीस मिनिटं तोच वाद. 'ढ' कुणालाच नको होता, कारण 'ढ'ला ढोकी सोडून काही सुचत नव्हतं आणि तीही धाराशिव जिल्ह्यातल्या एकालाच माहीत होती.

काही गोष्टी सुरुवातीलाच ठरवून घ्या. पैठण, फलटण, पाटण, उरण, चिपळूण, कल्याण, काणकोण ही सगळी 'ण'वर संपतात आणि 'ण'वरून सुरू होणारं गाव मला तरी कुणी सांगितलेलं नाही. तेव्हा 'ण'चा 'न' करायचा. कुडाळ, मोहोळ, शिरोळसाठी 'ळ'चा 'ल'. हद्दही आधीच आखायची, कारण अमेरिकेतला भाचा सुट्टीला आला की डॅलस, डेन्व्हर, डेट्रॉइट अशी 'ड'ची पेटीच उघडतो आणि अख्खा डाव फुकट जातो. आमची हद्द महाराष्ट्र, गोवा आणि बेळगावपर्यंत. बाहेरचं एखादं गाव चालवायचं तर पंचाची परवानगी घ्यावी लागते. डोंगरगडाला ती मिळाली होती, म्हणून तर एवढा गोंधळ.

बाकीचं मात्र मुद्दाम ठरवायचं नाही. नुसतं वडगाव चालेल का? कुठलं वडगाव? वडगाव मावळ म्हटलं तर 'ळ', नुसतं वडगाव म्हटलं तर 'व', आणि कोल्हापूरकडचा माणूस पेठ वडगाव म्हणून ते 'प'वरच चिकटवतो. एकाच नावाच्या खुर्द आणि बुद्रुकला दोन गावं धरायची का? माझं मत, धरावीत. तिथल्या लोकांना विचारून बघा, ते एक मानतात का. गेल्या काही वर्षांत नामांतरांची भर पडली आहे. 2023 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि भेंडीवाल्यांना बसल्या जागी 'छ'ला एक शहर मिळालं. त्याआधी छिंदवाड्यासाठी मध्य प्रदेशात जावं लागायचं, पंचाला मस्का लावून. उस्मानाबाद 'द' द्यायचं, धाराशिव 'व' देतं. 2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, त्याचा मात्र आम्हाला काडीचा फरक पडला नाही. आधीही 'अ' आणि 'र', आताही तेच. जुनं आणि नवं दोन्ही नावं चालतात का, यावर आमच्या घरात दोन तट आहेत आणि दोन्ही तटांतली माणसं हरायला लागली की तट बदलतात.

दुसरा खेळ सातची टाळी. गोल बसायचं, एकापासून आकडे म्हणत जायचं. ज्या आकड्यात सात आहे किंवा जो सातच्या पाढ्यात येतो तो म्हणायचा नाही, टाळी वाजवायची. इंग्रजीतही खेळतात, पण तो मराठी आकड्यांत खेळला पाहिजे, कारण आपले आकडे लबाड आहेत. सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीसपर्यंत जमतं. सदुसष्टला निम्मे गळतात. मग येतो एकोणसत्तर. कानाला सत्तर ऐकू येतं, हात आपोआप उठतो आणि माणूस बाद, कारण 69 मध्ये सात नाही आणि तो सातच्या पाढ्यातही नाही. पुढे सत्तरपासून सलग दहा टाळ्या. या दहांत कुणी तोंड उघडायचं नाही, मनात मोजायचं. एकोणऐंशीला टाळी हवी, पण नाव ऐंशीचं असल्यामुळे तिथे भलेभले टाळी सोडून "ऐंशी" म्हणून मोकळे होतात. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसला 'वीस एक' म्हणायची पद्धत आली आणि महाराष्ट्रभर वाद झाला, तो तुम्हाला आठवत असेल. शाळेत काय सोपं हे शिक्षकांनी ठरवावं. पण सातच्या टाळीसाठी मला एकोणसत्तरच हवा. 'साठ नऊ'ला कोण फसणार?

वीस प्रश्न बहुतेकांना माहीत असतो, तरी बहुतेक जण तो वाईट खेळतात. एकानं मनात वस्तू धरायची, बाकीच्यांनी हो किंवा नाही असं उत्तर येईल असे वीस प्रश्न विचारून ती ओळखायची. वाईट खेळाडू तिसऱ्याच प्रश्नाला "हत्ती आहे का?" विचारतो. प्रत्येक प्रश्नानं शक्यता निम्म्यावर आल्या तर वीस प्रश्नांत 10,48,576 गोष्टींतून एक वेगळी काढता येते. तेव्हा सजीव आहे का, घरात असते का, हातात मावते का, अशी अर्धी-अर्धी कापत जायची. आमच्याकडे एकानं एसटीच्या घंटीची दोरी धरली होती. "रोज वापरतात का?" हो. "सगळे वापरतात?" नाही. "घरात असते?" नाही. "एका वेळी एकच माणूस वापरतो?" हो. अठराव्या प्रश्नापर्यंत सगळे न्हाव्याच्या खुर्चीभोवती फिरत होते. इथे भांडण 'हो, पण'वरून होतं. उत्तर देणाऱ्याला 'पण' म्हणायची मुभा देऊ नका, नाहीतर तो विसाव्या मिनिटाला शपथेवर सांगतो की चपाती गोल 'नसते'.

या खेळाची एक युक्ती मी रेडिओवरून उचलली. बीबीसीवर 1947 पासून वीस प्रश्नांचा कार्यक्रम चालायचा, त्यात खेळणाऱ्यांना न ऐकू देता श्रोत्यांना उत्तर आधीच सांगून टाकत. घरात ज्यांना खेळायचं नसतं, म्हणजे पाय पसरून बसलेल्या आत्या किंवा सुपारी कातरणारे काका, त्यांच्या कानात उत्तर सांगून ठेवा. खेळणाऱ्यांपेक्षा तेच जास्त हसतात. दोन डावांनंतर आत्या स्वतःच "आता मी धरते" म्हणून पुढे सरकते.

माणसं आठच्या वर असतील आणि रात्र असेल तर माफिया. हा खेळ दिमित्री दाविदॉफ या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यानं 1986 मध्ये मॉस्को विद्यापीठात तयार केला. त्यामागचा विचार एवढाच की थोड्या लोकांना सगळं ठाऊक आहे, पुष्कळांना काहीच ठाऊक नाही, तर जिंकतं कोण? आम्ही चोर आणि गावकरी म्हणतो. चिठ्ठ्या लागत नाहीत. सगळ्यांनी डोळे मिटायचे, सूत्रधारानं गोल फिरून दोघा-तिघांच्या डोक्यावर टपली मारायची, ते चोर. 'रात्र' झाली की चोर डोळे उघडून खुणेनं एकाला उडवतात. 'सकाळी' गावकरी चर्चा करून संशयिताला मत देऊन बाहेर काढतात. सगळे चोर बाहेर गेले तर गाव जिंकलं. चोर आणि गावकरी सारखे उरले तर चोर जिंकले. रात्रीच्या वेळी सगळ्यांनी मांडीवर हात आपटत राहायचं, म्हणजे चोरांच्या हालचालीचा आवाज कळत नाही. पहिल्याच रात्री मेलेलं माणूस कंटाळतं, त्याला सूत्रधाराचा मदतनीस करा. आणि घरातल्या सगळ्यात भोळ्या दिसणाऱ्या बाईवर लक्ष ठेवा. आमच्या ओळखीच्या एक आजी, पोथी वाचणाऱ्या, दोनदा चोर झाल्या आणि दोन्ही वेळा शेवटपर्यंत जिवंत राहिल्या. "अगं मला काय कळतंय तुमचं" एवढ्या एका वाक्यावर.

हो-नाही न म्हणता बोलायचा खेळ प्रवासात चांगला. पाच मिनिटं काहीही विचारा, उत्तर द्यायचं, पण हे दोन शब्द वर्ज्य. 'नाय' चालतं का? 'नाहीये'? 'नव्हतं'? मान हलवली तर? इथे पंचाचा कस लागतो. कोडी मात्र मी आजोबांसाठी राखून ठेवते. "पाटीलबुवा रामराम, दाढीमिश्या लांब लांब" म्हटलं की मोठे लगेच मक्याचं कणीस म्हणतात, आणि एखादं पोर बोकड म्हणतं. बोकडाला अर्धा गुण द्यावा, असं मला नेहमी वाटतं.

उखाणे फक्त नवरा-बायकोसाठी आहेत हेही डोक्यातून काढा. शेजारी बसलेल्या माणसाचं नाव उखाण्यात घ्यायचं, तेही जागच्या जागी जुळवून. पाठ केलेला चालणार नाही. मागच्या मुक्कामात एकीनं घेतलेला:

"शिळी भाकरी, वर ठेचा, सोबतीला दही,
चार्जर विसरलेल्या दादाचं नाव घेते, आता रडून उपयोग नाही."

कानगोष्टी दहा माणसांखाली खेळू नका, मजा येत नाही. दमशराज मी सुचवत नाही, कारण त्यात बोलायचंच नसतं आणि नाटकात काम केलेला एक जण सगळ्यांचा वेळ खातो. 'खरं की हिंमत' तर अजिबात घेत नाही. ते भांडण दुसऱ्या दिवशीही मिटत नाही.

राहिला एक प्रश्न, जो गाडीवाले विचारतात: दोघंच असलो तर? दोघांसाठी गोष्ट वाढवायची. एकाचं वाक्य 'सुदैवानं'नं सुरू होतं, दुसऱ्याचं 'दुर्दैवानं'. दुर्दैवानं घाटात गाडी बंद पडली. सुदैवानं समोर चहाची टपरी होती. दुर्दैवानं टपरीवाला आपला जुना घरमालक निघाला. सुदैवानं त्यानं ओळखलं नाही. दुर्दैवानं त्याच्या बायकोनं ओळखलं. ज्याला चार-पाच आकडे म्हणेपर्यंत पुढचं वाक्य सुचणार नाही, त्यानं पुढच्या टोलचे पैसे भरायचे. आणि फास्टॅग कुणाच्या खात्याला जोडलाय, ते खेळ सुरू करायच्या आधी बघून घ्या.