हॅट, हेडफोन जॅक आणि कानबाईचा रविवार

सगळ्यात आधी ती एक ओळ लिहून टाकतो, कारण ती कुणी वेळेवर सांगितली असती तर माझा अख्खा जुलै वाचला असता. रास्पबेरी पायवर (हा तळहाताएवढा संगणक) पिक्सेल माळा, म्हणजे एकेक दिवा वेगळा चालवता येणाऱ्या एलईडी माळा, चालवणारी दोन पोर्टची साधी हॅट (पायच्या डोक्यावर बसणारा जोड-बोर्ड) लावली, तर त्याच वेळी पायच्या हेडफोन जॅकमधून गाणं वाजत नाही. हॅट खराब नसते, पायही खराब नसतो. बाहेरून यूएसबी साउंड कार्ड लावायचं, बस. मला ते अडीचशे रुपयांना मिळालं.

आता पहिल्यापासून सांगतो.

यंदा आमच्या भाऊबंदांची कानबाई आमच्या घरी बसणार होती. आम्ही चोपड्याचे. खानदेशाबाहेरच्यांसाठी एवढंच सांगतो, की श्रावणात नागपंचमीनंतर जो पहिला रविवार येतो त्या दिवशी कानबाई देवीची स्थापना असते. नारळाला डोळे काढतात, नथ घालतात, रोट होतात, रात्रभर गाणी चालतात आणि सोमवारी सकाळी विसर्जन. गाणी म्हणायला आमच्याकडे माझी मोठी माय, म्हणजे थोरल्या काकांची बायको. दोन वर्षांपूर्वी तिचा आवाज मी मोबाइलवर भरून ठेवला होता. आता तिचा गळा बसलाय, वरचा सूर लागत नाही. त्यामुळे माझ्या मनात आलं की तिच्याच आवाजातली गाणी ओट्यावर वाजवायची आणि ओसरीच्या माळा त्या गाण्याच्या ठेक्यावर चालल्या पाहिजेत. बाजारातला एसडी कार्डवाला कंट्रोलर माळा नाचवतो, पण आपल्याच चालीने. गाणं कुठे सुरू झालं, टाळी कुठे पडली, हे त्याला कळत नाही.

मी जिनिंगमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. मोटर, पॅनल, कॉन्टॅक्टर यांत हात बसलेला आहे. पाय मात्र नवीन होता. जुना रास्पबेरी पाय ३ बी प्लस एका मित्राने दिला. त्याच्या मेमरी कार्डावर एफपीपी, म्हणजे गाणं आणि माळा एकत्र चालवणारं फाल्कन प्लेअर टाकलं. लॅपटॉपवर एक्सलाइट्स. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही उत्तम आहेत. एक्सलाइट्समध्ये गाणं उघडायचं, टाळीच्या जागी खुणा करायच्या, कुठली माळ कधी कुठल्या रंगात लागणार ते मांडायचं आणि तयार झालेली फाइल पायवर चढवायची. साडेचार मिनिटांच्या एका गाण्याला माझ्या सहा संध्याकाळी गेल्या. ते काम गोड आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

हॅट कशाला लागते? पायच्या पिना ३.३ व्होल्ट देतात. डब्ल्यूएस२८११ चिपवाल्या ५ व्होल्टच्या पिक्सेलला डेटा खात्रीने वाचायला पुरवठ्याच्या सत्तर टक्के, म्हणजे ३.५ व्होल्ट तरी हवेत. मी आधी हॅटशिवाय थेट वायर लावून पाहिली होती. पाय टेबलावर पिक्सेलच्या शेजारी असताना चालली, सहा फुटांची वायर लावल्याबरोबर पहिलेच पिक्सेल थरथरायला लागले. हॅटवर ३.३ चे ५ करणारी चिप असते, प्रत्येक पोर्टला फ्यूज असतो आणि स्क्रूचे टर्मिनल असतात. ४० पिनांवर दाबून बसवली की काम झालं. ५० पिक्सेलच्या आठ माळा, एका पोर्टवर २०० आणि दुसऱ्यावर २००. पहिल्याच रात्री चारशेच्या चारशे लागले.

मग स्पीकरची पिन जॅकमध्ये घातली आणि अडकलो.

गाणं सुरू केलं. माळा बरोबर ठेक्यात चालू, स्पीकर मुका. मोठ्या भावाची मुलगी शेजारी उभी होती, ती म्हणाली, "काका, आवाज कथा गया?" म्हणजे कुठे गेला? पिन बदलली, स्पीकर बदलला, आवाजाचा काटा शंभरवर नेला. काही नाही. मग माळांचं आउटपुट बंद करून पाय पुन्हा चालू केला, तर गाणं खणखणीत. माळा चालू केल्या, गाणं गेलं. इलेक्ट्रिकलच्या माणसाला यातून एकच गोष्ट सुचते आणि मलाही तीच सुचली, की हॅटमध्ये कुठेतरी शॉर्ट आहे आणि ती जॅकची लाइन ओढते आहे. मल्टीमीटर लावून तासभर शोधलं. शॉर्ट सापडला नाही, पण संशयही गेला नाही.

ज्या ऑनलाइन दुकानातून हॅट घेतली होती त्यांना लिहिलं. आपोआप आलेल्या उत्तरात फॉर्मची लिंक होती. त्या फॉर्ममध्ये तक्रारीची कारणं निवडायला दिलेली होती. वस्तू तुटलेली, वस्तू चुकीची, वस्तू चालत नाही. माझी वस्तू चालत होती, तिच्यामुळे दुसरी वस्तू बंद पडत होती, आणि हे लिहायला जागाच नव्हती. 'चालत नाही' निवडलं. मग पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागितला. तो मी काढला नव्हता. माळा लागताहेत आणि आवाज येत नाही, असा दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवला, तर फाइल मोठी आहे म्हणून फॉर्मने घेतली नाही. कापून चाळीस सेकंदांची केली. फोन लावला, तर पलीकडचा मुलगा नम्र होता, पण त्याला हॅट म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. "सर, टेक्निकल टीम बघेल," एवढंच तीन वेळा म्हणाला. मी त्याला स्वच्छ मराठीत विचारलं होतं, की ही हॅट लावल्यावर पायचा जॅक चालायला हवा का? या प्रश्नाचं उत्तर 'नाही' या एका शब्दात होतं. ते द्यायला त्या सगळ्या दुकानात एकही माणूस नव्हता.

४ जुलैला हॅट परत पाठवली, कुरिअर माझ्याच खर्चाने. त्यानंतर रोज रात्री जेवण झालं की स्थिती बघायची. 'मिळाली', मग 'तपासणीत'. 'तपासणीत' हा शब्द मी बारा दिवस वाचला. घरात माय रोटांसाठी गहू निवडत होती, भाऊ ओसरीला रंग देत होता आणि मी तो शब्द बघत बसलो होतो. कानबाई ३ ऑगस्टला. मधल्या काळात मी दुसऱ्या मेमरी कार्डावर एफपीपी नव्याने टाकलं, गाणं लावलं, तर जॅकमधून आवाज आला. मला वाटलं, बघा, हॅट नाही तर आवाज आहे. पुरावा मिळाला. तो पुरावा खोटा होता, पण ते कळायला अजून वेळ होता.

२३ जुलैला, म्हणजे १९ दिवसांनी, तीच हॅट परत आली. सोबत चिठ्ठी, तीन शब्दांची: तपासले, दोष नाही. त्या चिठ्ठीवर लिहिणाऱ्याने माझी तक्रार वाचलीच नव्हती. वाचली असती तर त्याच चिठ्ठीवर चौथा, पाचवा, सहावा शब्द लिहून मला मोकळं केलं असतं. हॅट निर्दोष होती हे त्यांचं म्हणणं खरंच होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आहे. ज्याला इतकं कळतं त्याने पुढचं का सांगू नये?

शुक्रवारी, २५ तारखेच्या रात्री, जुनं कार्ड घालून पुन्हा बसलो. पिना तपासायला हॅट काढून बाजूला ठेवली होती आणि तशीच विसरून गाणं लावलं. आवाज नाही. पायवर हॅट नाही आणि तरी आवाज नाही. मी हात मागे घेऊन दोन मिनिटं तसाच बसलो. हॅट टेबलावर, जॅक मुका. म्हणजे दोष हॅटच्या तांब्यात नव्हता, कार्डावरच्या सेटिंगमध्ये होता. नव्या कार्डावर आवाज आला होता, कारण त्यावर मी माळांचं आउटपुट चालूच केलं नव्हतं.

मग तासाभरात सगळा उलगडा झाला. पिक्सेलला डेटा फार वेगाने लागतो. सेकंदाला आठ लाख बिट, म्हणजे एका बिटाला सव्वा मायक्रोसेकंद. त्यात थोडी चूक झाली तरी रंग बिघडतो. पायचा प्रोसेसर दहा कामं एकाच वेळी करत असतो, तो एवढा नेमका ठेका धरू शकत नाही. म्हणून हे काम चिपमधल्या पीडब्ल्यूएम नावाच्या वेगळ्या भागाला दिलं जातं. त्याला दोन चॅनेल आहेत, म्हणूनच माझ्या हॅटला पोर्टही दोनच. आणि पायच्या हेडफोन जॅकमधला डावा-उजवा आवाजसुद्धा हेच दोन चॅनेल तयार करतात. विहिरीवर मोटर एक आणि शेतं दोन असली, की पाइप एका वेळी एकाच शेतात जातो. तसं हे. पायवर असे पिक्सेल चालवणारी जी मुक्त सॉफ्टवेअर लायब्ररी आहे, तिच्या माहितीत हे सरळ लिहिलेलं आहे, की दोन्ही एकत्र चालणार नाहीत. हॅट विकणाऱ्याच्या पानावर मात्र याचा एक अक्षर उल्लेख नव्हता. पानावर 'संगीतासह रोषणाई' असं मोठ्या अक्षरात होतं.

शनिवारी सकाळच्या एसटीने जळगावला गेलो. तापीच्या पुलावर गाडी आली तेव्हा नदी भरून चालली होती, आणि महिनाभरात पहिल्यांदा मला बरं वाटलं. गोलाणी मार्केटमध्ये यूएसबी साउंड कार्ड मिळालं, अंगठ्याएवढं. दुपारी घरी. पायला लावलं, एफपीपीच्या सेटिंगमध्ये आवाजाचं आउटपुट बदलून ते निवडलं, पाय पुन्हा चालू केला. मोठ्या मायचा आवाज आणि पहिल्या टाळीला पिवळी माळ, दोन्ही एकदम. पुतणीने घरभर ओरडून सांगितलं.

आता ज्या गोष्टी आठवताहेत त्या आठवतील तशा सांगतो.

५ व्होल्टचा एक पिक्सेल पूर्ण पांढरा लागला, की साधारण ६० मिलिअँपिअर घेतो. ५० ची माळ म्हणजे ३ अँपिअर, माझ्या चारशेचे २४. एवढा करंट पहिल्या माळेच्या बारीक वायरीतून पुढे ढकलायचा नाही. शेवटची माळ पांढऱ्याऐवजी तांबूस दिसायला लागली, की व्होल्टेज पडतंय असं समजा आणि दर १०० पिक्सेलला एसएमपीएसवरून, म्हणजे माळांना ५ व्होल्ट देणाऱ्या पॉवर सप्लायवरून, नवीन प्लस-मायनस द्या. मी ब्राइटनेस तीस टक्क्यांवर ठेवला. रात्री ओट्यावर तेवढाही भरपूर होतो.

दोन एसएमपीएस असतील तर दोघांचे मायनस जोडा आणि हॅटचाही मायनस त्यांनाच. प्लस मात्र एकमेकांना जोडू नका. मायनस एक नसेल तर डेटा कशाच्या तुलनेत मोजायचा हे पिक्सेलला कळत नाही, आणि मग पाहिजे ते रंग लागतात.

माळेला दिशा असते. डेटा एकाच बाजूने आत जातो. चाळीसावा पिक्सेल मेला तर त्यापुढचे सगळे बंद दिसतात, म्हणून शेवटच्या जळत्या पिक्सेलवर आणि पहिल्या बंद पिक्सेलवर संशय घ्या. तेवढाच कापून नवा सोल्डर करा. अख्खी माळ फेकू नका. लाल सांगितल्यावर हिरवा लागला तर घाबरू नका, रंगांचा क्रम सेटिंगमध्ये बदलता येतो.

पाय ३ ला स्वतःचं घड्याळ नसतं. लाइट जाऊन आली आणि इंटरनेट नसलं, तर त्याची वेळ चुकते आणि संध्याकाळी सातला लावलेलं वेळापत्रक भलत्याच वेळी सुरू होतं. आपल्याकडे लाइट जाते, हे काही सांगायला नको. माझ्या हॅटवर घड्याळाची चिप होती, पण तिचा सेल सोबत आला नव्हता. तो आधी आणून बसवा.

पाय ५ घेणार असाल तर हॅट विकत घेण्याआधी ती त्यावर चालते का ते विचारा. त्याच्या पिना वेगळ्या चिपमधून जातात, म्हणून जुनी पद्धत तिथे चालत नाही. त्याला हेडफोन जॅक तर नाहीच.

श्रावणाची झड होती, म्हणून एसएमपीएस आणि पाय झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवले. वायरी डब्याच्या खालच्या बाजूने बाहेर काढल्या, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून आत जात नाही. आणि दुकानाला फोन करण्याआधी हॅट काढून, सेटिंग तशीच ठेवून, एकदा गाणं लावून बघा. पाच मिनिटांची परीक्षा आहे. माझे १९ दिवस तिथेच गेले.

रविवारी रात्री कानबाईसमोर मोठी माय पाटाला टेकून बसली होती. ओट्यावरून तिचाच आवाज सुरू झाला, माळा ओसरीभर धावल्या. पहिलं कडवं तिने नुसतं ऐकलं. दुसऱ्या कडव्याला बसक्या गळ्यानेच तिने स्वतःच्या आवाजाला साथ धरली, मग माय आणि काकूंनी. स्पीकरचा आवाज मी हळूहळू कमी करत गेलो. शेवटी बाया म्हणत होत्या आणि माळा चालत होत्या.

सोमवारी विसर्जनाला निघताना तिने मला विचारलं, "गनपतीले बी लावशी ना?" लावणार आहे. दोन नवीन गाणी मांडायला घेतली आहेत. साउंड कार्ड पायला टेपने घट्ट चिकटवून ठेवलं आहे, कारण माळा उतरवताना कुणीतरी ते काढून लॅपटॉपला लावलं होतं आणि मला ते अर्धा दिवस सापडत नव्हतं.