आत्याची ‘ती वस्तू’

आत्या गेल्यावर भांडी, साड्या, पुस्तकं यांची वाटणी पटकन झाली. शोकेसमधली एक वस्तू मात्र कुणीच मागितली नाही. घरात तिला नुसतं ‘ती वस्तू’ म्हणायचे. 19 सेंटिमीटर उंचीचं ब्राँझ, एकमेकांकडे झुकलेली दोन वक्र पाती आणि मधे आरपार भोक. आई म्हणायची, अळूची पानं आहेत. मला त्यात शाल लपेटून बसलेली बाई दिसते. मी ती घरी आणली.

मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे पहिला प्रश्न पडला तो धातूचा. दोऱ्याला टांगून आधी हवेत तोलली, मग पाण्यात. पोकळीत हवा अडकू नये म्हणून तिरकी करून बुडवली. हवेत 2360 ग्रॅम, पाण्यात 2090. घनता पाण्याच्या साधारण 8.7 पट आली. वरून ब्राँझचा रंग दिलेलं जस्ताचं ओतकाम 7च्या आसपास भरतं, ती शंका मिटली. नेहमीचं पितळ 8.5 च्या आसपास असतं. तांबं आणि कथिलाचं ब्राँझ इथेच बसतं.

मग ओळखीतून एका वयस्कर ओताऱ्याकडे नेली. त्यांनी ती उलटी केली, आत टॉर्च मारला आणि मला बोट लावायला सांगितलं. “बाई, मेणाचं काम आहे.” म्हणजे आधी मेणाचा आकार करायचा, मग मेण वितळवून त्या जागी धातू ओतायचा. साच्यात ब्रशने मेण लावताना उठलेले फराटे आणि एक ओघळ आतल्या बाजूला धातूत जसेच्या तसे उतरले होते. एका वेळी एका हाताने केलेली ती हालचाल माझ्या बोटाखाली होती. मी कितीतरी वेळ बोट काढलंच नाही.

बुडाला चिकटवलेली जुनी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, त्यांनी हलक्या हाताने सोडवली. खाली कोरलं होतं: 2/6. सहा ओतकामांपैकी दुसरं. सही नाही, ओतशाळेचा शिक्का नाही.

आकडा पाहून भाच्याचे डोळे चमकले. “मावशी, सदानंद बाकरे असतील!” बाकरे म्हणजे 1947 च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या मुंबईतल्या आधुनिक कलावंतांच्या गटाच्या सहा संस्थापकांतले एकमेव शिल्पकार. पिलू पोचखानवाला आणि आदी दावियरवाला या शिल्पकारांची नावंही निघाली. मलाही मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण आकार कुणाच्या तरी कामासारखा दिसतो एवढ्यावर नाव लावणं मला पटत नाही. बिल, प्रदर्शनाची यादी, जुना फोटो, काहीतरी हवं. ज्यांना मोल विचारलं त्यांनीही हेच सांगितलं: नावाविना शोभेची वस्तू म्हणून पंचवीस हजारांच्या आसपास. उंचवट्यांवरचा राप गेलाय, तोही तोटाच. दर दिवाळीला आत्या तिला पितळी समयांबरोबर चिंच लावून घासायची. मूळचा काळपट हिरवा रंग आता फक्त खाचांत उरलाय. तो मी पुसत नाही, कोरड्या मऊ कापडाने धूळ तेवढी झटकते.

बिलाच्या शोधात आत्याच्या वह्या चाळल्या. ती फोर्टात बँकेत होती, जेवणाच्या सुट्टीत जहांगीर आर्ट गॅलरीत जायची. 1968 च्या वहीत, 310 रुपये पगाराच्या नोंदीखाली सापडलं: “मूर्ती. एकूण 450. पैकी 200 दिले.” पुढच्या महिन्यात 100, त्याच्या पुढच्या महिन्यात 150. आणि त्या शेवटच्या नोंदीपुढे, आत्याच्या त्या टोकदार अक्षरात: “घरी आणली.”