गावठाण फीडरवरचा डॅक

आमच्या गावातील भजनी मंडळाची खंजिरीची भजने मी गेली तीन वर्षे 24 बिट आणि 96 किलोहर्ट्झवर ध्वनिमुद्रित करून ठेवतो आहे. मंडळातील दोन बुवांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. त्यांचा आवाज आणि खंजिरीवरची त्यांची थाप जशी आहे तशी राहावी, एवढाच त्यामागचा हेतू. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी वऱ्हाडाच्या गावागावांत पोहोचवलेली ही खंजिरी ऐकायला साधी वाटते, पण यंत्रातून पुन्हा जशीच्या तशी ऐकवायला ती अत्यंत कठीण आहे. कातड्यावरची थाप क्षणात उठते आणि तिच्या पाठोपाठ पितळी चकत्यांची बारीक किणकिण हवेत विरत जाते. हे विरणे नीट ऐकू येत नसेल तर मुद्रण कितीही चांगले असो, काम अर्धेच झाले असे मला वाटत राहिले. म्हणून फायलीतील आकड्यांचे पुन्हा विजेच्या लहरीत रूपांतर करणारा डॅक मी गेल्या दिवाळीत स्वतः बांधायला घेतला. दारव्हा तालुक्यातील आमच्या घरात तो पक्का बसेपर्यंत उन्हाळा लागला होता.

डॅकविषयी जे लिहिले जाते त्यातील बहुतेक चिपविषयी असते. माझा अनुभव असा की गावात बसवायच्या डॅकमध्ये चिप हा सर्वांत सोपा निर्णय आहे, आणि पैसा व वेळ घालवायचा तो वीजपुरवठा, अर्थिंग आणि घड्याळ, म्हणजे कोणता आकडा नेमक्या कोणत्या क्षणी लहरीत उतरवायचा ते ठरवणारा ठोका, या तीन ठिकाणी. याचे कारण एका हिशेबात दिसते. डॅकमधून बाहेर पडणारा पूर्ण आवाज साधारण 2 व्होल्टचा असतो. उत्तम चिप आज सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजात 120 डेसिबलहून अधिक पल्ला देते, आणि 2 व्होल्टच्या खाली 120 डेसिबल म्हणजे 2 मायक्रोव्होल्ट. ज्या खोक्यात हे 2 मायक्रोव्होल्ट जपायचे, त्याच खोक्यात मागच्या बाजूने 230 व्होल्ट शिरतात. ते त्याच्या साडेअकरा कोटी पट आहेत. शिवाय 230 हा आकडा पुस्तकातला. आमचे घर डीपीपासून शेवटच्या खांबावर आहे. आठवडाभर मी वहीत नोंद ठेवली, तेव्हा संध्याकाळी सात वाजता, चक्की आणि घरोघरचे कूलर एकदम चालू असताना, मीटरवर 168 व्होल्ट दिसले आणि रात्री दोन वाजता, सगळे बंद असताना, 257.

आधी बाजारातला रिलेचा स्टॅबिलायझर लावून पाहिला. त्यातील रिले बदलला की दर वेळी स्पीकरमधून टक् असा आवाज येई, आणि संध्याकाळी तो एका भजनात चार-पाचदा बदले. तेव्हा ठरवले की लाइन सुधारण्याच्या मागे लागायचे नाही. कमीत कमी 160 आणि जास्तीत जास्त 265 व्होल्टवर सारखेच काम करील असा पुरवठाच बांधायचा.

त्यासाठी ट्रान्सफॉर्मर खास गुंडाळून घ्यावा लागला. महागड्या यंत्रांत गोल, म्हणजे टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर दिसतो. त्याचे चुंबकीय क्षेत्र बाहेर फारसे सांडत नाही, हे खरे आहे. पण त्याची दोन्ही गुंडाळणी एकमेकांवर चढलेली असल्यामुळे लाइनमधील उच्च वारंवारतेची घाण सहज पलीकडे जाते. जुन्या ईआय पत्र्यांच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये बॉबिनच्या एका कप्प्यात लाइनकडची प्रायमरी आणि दुसऱ्या कप्प्यात डॅककडची सेकंडरी गुंडाळता येते, आणि मध्ये तांब्याच्या पत्र्याचा पडदा घालून तो अर्थला जोडता येतो. आमच्याकडे शेतातील मोटारी जळण्याचे प्रमाण इतके आहे की गुंडाळणी करणारे कारागीर तालुक्याच्या प्रत्येक गावी मिळतात. त्यांच्यातल्या एकाने हे काम दोन दिवसांत करून दिले. तांब्याच्या पडद्याची दोन टोके एकमेकांना टेकू द्यायची नाहीत, कारण टेकली तर तो एक वेढ्याचा शॉर्ट होऊन ट्रान्सफॉर्मर तापतो, हे मी सांगण्याआधीच त्यांनी टोकांमध्ये कागद घातला होता. त्या हातांविषयी मला मोठा आदर वाटतो.

सेकंडरी 12 व्होल्टची घेतली. 230 ऐवजी 160 आले तर ती सव्वाआठ व्होल्टच्या आसपास उतरते. त्याचे शिखर पावणेबारा, त्यातून एसीचे डीसी करणाऱ्या डायोडांच्या ब्रिजमध्ये जाणारे दीड आणि उरलेल्या लहरीचा एक व्होल्ट वजा केला तरी नऊच्या वर शिल्लक राहतात, आणि व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या 5 व्होल्टच्या रेग्युलेटरला तेवढे पुरतात. उलट 265 व्होल्टला हेच शिखर 18 च्या पुढे जाते आणि रेग्युलेटरला 13 व्होल्ट उष्णतेत घालवावे लागतात. 300 मिलिअँपियरला ही उष्णता चार वॉटच्या जवळ होते, म्हणून पहिला रेग्युलेटर, साधा एलएम 317, खोक्याच्या अॅल्युमिनियमच्या भिंतीवर अभ्रक घालून कसला. त्याच्या पुढे, चिपच्या पायापासून बोटभर अंतरावर, एलटी 3045 हा दुसरा रेग्युलेटर आहे, ज्याचा स्वतःचा नको असलेला आवाज, म्हणजे नॉइज, 10 हर्ट्झ ते 100 किलोहर्ट्झ या पट्ट्यात फक्त 0.8 मायक्रोव्होल्ट असतो. घड्याळ, डिजिटल भाग आणि अॅनालॉग भाग यांना तीन स्वतंत्र गुंडाळणी दिली आहेत. लाइन गेल्यावर घरचा इन्व्हर्टर चालू होतो, पण तो चौकोनी लहर देणारा आहे; त्यावर ट्रान्सफॉर्मर घुंगावतो आणि ती घुंगाट अॅम्प्लिफायरपर्यंत पोहोचते. म्हणून डॅकचा प्लग लावायचा बोर्ड इन्व्हर्टरच्या वायरिंगमधून बाहेर काढला. लाइन गेली की ऐकणे थांबते, एवढे मान्य केले.

एवढे करूनही 50 हर्ट्झची गुणगुण राहिलीच. पाणी कुठे मुरते आहे हे शोधायला मला तीन आठवडे लागले.

उत्तर अंगणात होते. लॅपटॉप चार्जिंगला असताना त्याच्या धातूच्या कडेवरून मनगट अलगद फिरवले की झिणझिण्या जाणवत, आणि जाणवत याचा अर्थ घराचे अर्थिंग नावापुरतेच होते. चार्जरच्या आत लाइन आणि बाहेरची बाजू यांच्यामध्ये छोटे कपॅसिटर असतात. अर्थ पक्की नसेल तर त्यांच्यातून गळणारा बारीक प्रवाह यूएसबीच्या कवचातून डॅकमध्ये, तिथून तारेच्या जाळीतून अॅम्प्लिफायरमध्ये असा आपली वाट शोधतो. आमच्याकडची काळी कापसाची माती पावसाळ्यात चिखल होऊन पाइपला घट्ट धरते, पण चैत्र-वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाइपभोवती नुसती हवा उरते. ओळखीच्या वायरमनकडून अर्थ टेस्टर आणून मोजले तेव्हा 31 ओहम आले. नवा खड्डा खणला, अडीच मीटरचा जीआय पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले, वर विटांची चौकट आणि पाणी घालायला फनेल बसवले. दुसऱ्या आठवड्यात तोच टेस्टर 5 ओहम दाखवू लागला. उन्हाळ्यात त्या फनेलमध्ये दर दोन दिवसांनी एक बादली पाणी ओततो.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला पुष्कळ लोक देतात. तसे कधीही करू नये. धातूच्या खोक्यात लाइनची तार सुटली तर तीच पिन माणसाचा जीव वाचवते. माझ्या डॅकमध्ये खोके थेट अर्थला जोडलेले आहे आणि आतली सिग्नलची ग्राउंड खोक्याला 10 ओहमच्या रेझिस्टरमधून, त्याला समांतर डायोड ब्रिज आणि कपॅसिटर ठेवून जोडली आहे. रोजचा बारीक गळणारा प्रवाह त्या 10 ओहमने आवरतो आणि काही बिघाड झालाच तर डायोड उघडून फ्यूज उडू देतात.

यूएसबीची वाटही तोडली. संगणकाकडून येणारा डेटा आधी एका यूएसबी रिसीव्हर बोर्डवर येतो, तिथे त्याचे आय टू एस या तीन तारांच्या रूपात रूपांतर होते, आणि त्या तीन तारा विद्युत विलगक चिपमधून पलीकडे जातात. अलीकडचा भाग संगणकाच्या विजेवर, पलीकडचा माझ्या ट्रान्सफॉर्मरवर. दोघांमध्ये तांब्याचा एकही धागा नाही. घड्याळ मात्र पलीकडे, डॅकच्या बाजूला ठेवायचे, कारण विलगकातून गेलेल्या ठोक्याची वेळ थोडी हलते. म्हणून तिकडे दोन क्रिस्टल आहेत: सीडीच्या 44.1 किलोहर्ट्झच्या कुटुंबासाठी 22.5792 मेगाहर्ट्झ आणि 48 च्या कुटुंबासाठी 24.576 मेगाहर्ट्झ, दोन्ही बरोबर 512 पट. डेटा चिपमध्ये शिरण्यापूर्वी त्याच घड्याळावर पुन्हा ताळ्यावर आणला जातो, आणि यूएसबीच्या असिंक्रोनस पद्धतीत संगणकाला डॅकच्या ठोक्याप्रमाणे डेटा पाठवावा लागतो. वेळेची ही काळजी अनाठायी नाही. 20 किलोहर्ट्झची पूर्ण ताकदीची लहर 16 बिटांत मांडताना ठोका 121 पिकोसेकंद चुकला की अर्ध्या पायरीची चूक होते. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. 121 पिकोसेकंदांत प्रकाशसुद्धा दोन बोटांएवढे अंतर कापतो.

आता चिप. रेझिस्टरच्या शिडीचा, म्हणजे आर टू आर पद्धतीचा डॅक बांधावा असे मला फार वाटत होते, कारण त्याची रचना डोळ्यांना दिसते आणि मनाला पटते. पण 16 बिटांच्या शिडीतील सर्वांत वरचा बिट 32,768 पायऱ्यांचा असतो. तिथला रेझिस्टर 0.01 टक्के चुकला तरी तीन पायऱ्यांची चूक होते, आणि ती नेमकी लहर शून्य ओलांडते तिथे, जिथे चकत्यांचे विरणे राहते. त्यातून आमच्याकडे जानेवारीच्या पहाटे खोलीत 12 अंश आणि मे महिन्यात 43 अंश. दोन रेझिस्टर तापण्यात अंशागणिक दहा लाखांत दहा भागांनी जरी वेगळे असले तरी तेवढ्या फरकाने 0.03 टक्के वाहून जातात. म्हणून डेल्टा-सिग्मा पद्धतीची, म्हणजे थोड्याच पायऱ्या फार वेगाने बदलून लहर घडवणारी, एकेएम कंपनीची चिप घेतली. जपानमधील नोबेओका येथील या कंपनीच्या कारखान्याला ऑक्टोबर 2020 मध्ये आग लागल्यानंतर त्यांच्या चिपा बराच काळ दुर्मीळ झाल्या होत्या, आणि अनेक निर्मात्यांना आपले डॅक दुसऱ्या चिपांवर नव्याने आखावे लागले. त्यांतले कित्येक उत्तम ठरले, हेही चिपचे महत्त्व किती मानायचे ते सांगते.

चिपच्या पुढचा अॅनालॉग फिल्टर साधा ठेवला. 44.1 किलोहर्ट्झचा डेटा चिपच्या आतच आठपट होऊन 352.8 पर्यंत जातो, त्यामुळे आकड्यांतून लहर बनताना वरच्या वारंवारतेवर उमटणाऱ्या नको असलेल्या प्रतिमा ऐकू येण्याच्या पट्ट्यापासून फार दूर सरकतात. आवाज कमी-जास्त करण्याचे काम मात्र अॅम्प्लिफायरच्या पोटेन्शिओमीटरकडे ठेवले आहे. डिजिटलमध्ये दर 6 डेसिबल उतरवताना संगीत एका बिटाने नॉइजच्या तळाकडे सरकते, आणि एवढ्या कष्टाने खाली ढकललेला तळ पुन्हा वर आणण्यात मला अर्थ वाटला नाही.

उष्णतेचा हिशेब शेवटी लक्षात आला, तो आधी यायला हवा होता. 105 अंशांना 2,000 तास असे लिहिलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दर 10 अंश कमी तापमानाला साधारण दुप्पट टिकतो. 25 अंशांच्या खोलीत, खोक्याच्या आत 45 धरले, तर त्याचे सव्वा लाख तास होतात; आमच्या खोलीत, आत 65 धरले, तर 32,000. म्हणून कपॅसिटर रेग्युलेटरच्या भिंतीपासून दूर नेले, खोक्याला वर-खाली छिद्रे पाडली आणि पाली व मुंग्या आत जाऊ नयेत म्हणून छिद्रांना आतून बारीक जाळी लावली.

मापनात 50 हर्ट्झची रेघ आधी पूर्ण आवाजाच्या 79 डेसिबल खाली होती, ती आता 114 खाली आहे. कूलर चालू असताना यातले काहीच कळत नाही. पण रात्री अकरानंतर, कूलर बंद करून खिडक्या उघडल्या की आमच्या गावात जी शांतता उतरते ती शहरातल्या कुठल्याही ध्वनिरोधक खोलीला मिळणार नाही, आणि त्या वेळी चकत्यांची किणकिण शेवटच्या कणापर्यंत ऐकू येते.

गेल्या पंधरवड्यात थोरल्या बुवांना रात्री जेवायला बोलावले आणि त्यांचेच भजन त्यांना ऐकवले. ते डोळे मिटून पूर्ण ऐकत राहिले आणि मग म्हणाले, “भाऊ, खंजिरी त माहीच हाय, पण कोनी दुसऱ्या घरात वाजवून रायला असं वाट्टे.” मी पुन्हा लावून ऐकले. त्यांचे म्हणणे बरोबर होते: मायक्रोफोन मंदिराच्या खांबाजवळ होता आणि थापेच्या पाठोपाठ भिंतीचा घुमारा येत होता. जुन्या डॅकवर हे कधी कळले नव्हते. आषाढी एकादशीच्या भजनाला मायक्रोफोन खांबापासून काढून बुवांच्या डाव्या गुडघ्याशी, हातभर अंतरावर ठेवायचे ठरले आहे.